गावात स्टेडियमचा प्रस्ताव आला, तर आराखडा कसा तपासाल?

सांवेर, देपालपूर, महू, देवास: इंदूरच्या आसपास कुठेही स्टेडियमचा प्रस्ताव निघाला की लोकांसमोर आधी रंगीत चित्र येतं. ते बाजूला ठेवा. चार कागद मागा: खसऱ्याची (सरकारी जमीन-नोंदीची) नक्कल, साइट प्लॅन, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) आणि अंदाजपत्रक. मागून मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

खसऱ्यात जमिनीची नोंद कशी आहे ते पाहा. चरनोई म्हणजे गुरचरण असेल, तर गुरं कुठे जाणार याचं उत्तर प्रस्तावात हवं. नाल्याची नोंद असेल तर तिथे भराव घालून केलेलं मैदान पावसाळ्यात पाणी साठवणारच. मास्टर प्लॅनमध्ये जमीन आमोद-प्रमोदासाठी (खेळ-करमणुकीसाठी) राखीव आहे की शेतीची, हे नगर तथा ग्राम निवेशच्या, म्हणजे नगररचना खात्याच्या, कार्यालयातून तपासा. उपयोग वेगळा असेल तर तो बदलल्याचा आदेश जोडलेला पाहिजे. ‘प्रक्रिया सुरू आहे’ हा आदेश नव्हे.

आता मापं. आठ लेनचा 400 मीटर ट्रॅक बाहेरून 176.91 मीटर लांब आणि 92.52 मीटर रुंद होतो, म्हणजे नुसत्या ट्रॅकलाच साधारण 1.64 हेक्टर. गॅलरी, नाल्या, पार्किंग, कपडे बदलायच्या खोल्या धरल्या तर अडीच हेक्टरच्या खाली ओढाताण होते. खसऱ्यात 1.8 हेक्टर असेल आणि चित्रात हे सगळं दिसत असेल, तर काहीतरी कापलं जाणार. बहुधा पार्किंग कापलं जातं आणि मग शेजारच्या गल्ल्या गाड्यांनी भरतात.

सर्वांत जास्त चुका ‘बहुउद्देशीय मैदान’ या शब्दाआड लपतात. फुटबॉलचं 105 बाय 68 मीटरचं मैदान ट्रॅकच्या आत बसतं, क्रिकेट बसत नाही. खेळपट्टी मधोमध, मैदानाच्या लांबीत ठेवली, तर ट्रॅकची बाहेरची कड आडव्या बाजूंना जेमतेम 46 मीटरवर येते. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमातली किमान सीमारेषा 59.43 मीटर आहे. म्हणजे फटके ट्रॅकवर पडणार आणि क्षेत्ररक्षक स्पाइक्स घालून सिंथेटिक ट्रॅकवर पळणार. शिवाय मधली रोलर फिरवलेली टणक पट्टी फुटबॉलवाल्यांचे गुडघे फोडते. छोट्या गावाने एक खेळ मुख्य ठरवावा आणि क्रिकेटला वेगळी जागा द्यावी. कबड्डीला पुरुषांसाठी 13 बाय 10 मीटर, खो-खोला 27 बाय 16 मीटर पुरतात. ही मैदानं कडेला सहज बसतात, मुलं रोज खेळतात, आणि तरी बहुतेक आराखड्यांत ती नसतात. ती मागाच.

नकाशावर उत्तर दिशेचा बाण शोधा. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण हवी, कारण गावात खेळ रंगतो तो संध्याकाळी, आणि पूर्व-पश्चिम मैदानात एका गोलकीपरच्या थेट डोळ्यांत ऊन येतं. गॅलरी एकच असेल तर ती पश्चिमेला, म्हणजे ऊन प्रेक्षकांच्या पाठीशी राहतं.

माळव्याची काळी माती हा स्वतंत्र मुद्दा आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात जागेवर जाऊन भेगा पाहा. बोटं सहज आत जात असतील तर उथळ पायावरची गॅलरी दोन-चार पावसाळ्यांत तडकेल. डीपीआरमध्ये मृदा परीक्षणाचा अहवाल आहे का, त्यात फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती पाण्यात किती टक्के फुगते तो आकडा, दिलाय का, ते बघा. तो 50 टक्क्यांच्या वर असेल तर काळी माती काढून मुरूम भरणं किंवा अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेले खोल खांब) यांचा खर्च अंदाजपत्रकात दिसायलाच हवा. अहवाल नसेल तर अंदाजपत्रकातला पायाचा आकडा निव्वळ अंदाज आहे.

पाण्याचा हिशोब दोन्ही बाजूंनी करा. तासाभरात 50 मिमी पाऊस झाला तर एका हेक्टरवर पाच लाख लिटर पाणी पडतं. ते कोणत्या नालीतून कुठे जाणार? नकाशावर नाली मैदानाच्या कडेला येऊन थांबत असेल, तर ते पाणी शेजारच्या वस्तीत जाणार. उन्हाळ्यात उलटा प्रश्न. फुटबॉलच्या मैदानाला रोज 5 मिमी पाणी द्यायचं तर सुमारे 35,700 लिटर लागतात, म्हणजे पाच हजारी सात टँकर. एक दिवसाआड नळ येणाऱ्या गावात हे पाणी कुठून आणणार, याचं उत्तर ‘बोअर’ असेल तर त्या बोअरची मे महिन्यातली क्षमता विचारा. उत्तर नसेल तर हिरवळीचा हट्ट सोडून दाबलेल्या मातीचं, नीट उतार दिलेलं मैदान सुचवा.

गॅलरीची क्षमता स्वतः मोजा. माणशी अर्धा मीटर धरा. 60 मीटर लांबीच्या सहा पायऱ्यांवर 720 माणसं, मधल्या वाटा वजा जाता साधारण 650. तिथे ‘2,000 आसनक्षमता’ लिहिलेली असेल तर आकडा खोटा आहे. खरंच 2,000 असतील, तर नॅशनल बिल्डिंग कोड 2016 प्रमाणे जिन्याची रुंदी माणशी 10 मिमी, म्हणजे एकूण 20 मीटर: दोन-दोन मीटरचे दहा जिने. सपाट वाटेला माणशी 6.5 मिमी, म्हणजे फाटकं मिळून 13 मीटर. एकाच फाटकाचा नकाशा मान्य करू नका. चेंगराचेंगरी तिथेच होते.

मग चालवण्याचा खर्च. माळी, चौकीदार, वीज, संडास-बाथरूमची सफाई यांच्यासाठी दरवर्षी किती आणि कुठल्या खात्यातून, हे पान नसेल तर प्रस्ताव अपुरा आहे. फाटक सकाळी किती वाजता उघडेल आणि चावी कोणाकडे असेल, हेही लेखी मागा. मेळे, लग्नं, सभा यांना वर्षात किती दिवस मिळतील याची मर्यादा आधीच ठरवून घ्या. इंदूरच्या नेहरू स्टेडियममध्ये मतमोजणीसुद्धा होते. गावात मैदान एकच असलं की अशी मागणी येणारच. मांडवाच्या खड्ड्यांनी ट्रॅकची वाट लागते. वस्ती जवळ असेल तर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, ही अटही घालून घ्या.

आक्षेप लिहिताना एका मुद्द्याला एक क्रमांक, सोबत डीपीआरचं पान किंवा खसरा नंबर, आणि शेवटी तुमची मागणी: ‘मृदा परीक्षण करून पायाचं अंदाजपत्रक सुधारावं’, अशी. नगर परिषदेत दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. दाद लागली नाही तर तीच प्रत घेऊन मंगळवारी कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईला, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या बैठकीला, जा.