आमवात आणि बदलती हवा : सांध्यांची नोंदवही कशी ठेवावी

मृगाचा पाऊस लागला की कोल्हापुरात घरोघरी ‘हवा फिरली, सांधे धरले’ हे वाक्य ऐकू येते. आमवाताच्या, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या आजाराच्या रुग्णाने ते म्हटले, तर त्याचे दोन अर्थ असू शकतात. गार, दमट हवेने सांधे नुसते आखडलेले असतील, किंवा आजारानेच उचल खाल्लेली असेल. पहिल्यासाठी शेक पुरतो, दुसऱ्यासाठी औषधाचा फेरविचार करावा लागतो. हा फरक घरच्या घरी लक्षात यावा म्हणून प्रत्येक रुग्णाने किमान एक वर्षभर नोंदवही ठेवावी, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते, आणि ही यंत्रणा बाराही महिने एकसारखी चालत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की युरोपातील लोकांत दाह वाढवणारी जनुके हिवाळ्यात अधिक सक्रिय असतात, तर पश्चिम आफ्रिकेतील गाम्बियात रक्तातील प्रतिकारपेशींची संख्या पावसाळ्यात, म्हणजे संसर्गाच्या दिवसांत वाढते. आपले ऋतुचक्र गाम्बियाला अधिक जवळचे असल्याने ही दुसरी नोंद मला आपल्यासाठी मोलाची वाटते. त्यात आणखी एक भर पडते. प्रतिकारपेशींना आवर घालण्यात ड जीवनसत्त्वाचा वाटा असतो, आणि आषाढ-श्रावणात कोल्हापूरवर आठवडेच्या आठवडे ढग बसून राहिले की ते तयार करणारे ऊन अंगावर पडत नाही. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी त्याची पातळी तपासून घ्यावी. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्याव्यात.

हवेला सगळाच दोष देऊ नये. अमेरिकेत एक कोटीहून अधिक वैद्यकीय भेटींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पावसाच्या दिवशी सांधेदुखीच्या तक्रारी वाढल्याचे आढळले नाही (२०१७). ब्रिटनमधील २०१९ च्या अभ्यासात दमट हवा, कमी वायुदाब आणि वारा यांच्यासोबत दीर्घकालीन दुखणे थोडे वाढलेले दिसले. म्हणजे जो तो रुग्ण वेगळा, आणि म्हणूनच वही स्वतःची हवी.

वहीत महिन्यांऐवजी नक्षत्रांचे मथळे घालावेत. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा अशी पावसाची ओळख आपल्या अंगवळणी पडलेली असल्याने हवा आठवायला सोपी जाते. रोज सकाळी चार गोष्टी लिहाव्यात : ताठरपणा किती मिनिटे टिकला, कोणते सांधे सुजले, वेदना दहापैकी किती आणि बाहेर हवा कशी होती. ताठरपणा मोजायला घरातलेच एखादे ठरावीक काम निवडावे. माझ्या आईला पहाटे साडेपाचला दुधाच्या किटलीचे झाकण निघत नसे; दोन्ही तळहातांत दाबून ती ते ओढायची, आणि आठ वाजता तीच बोटे भाकरी थापत असत. दाह वाढवणारे इंटरल्युकिन-६ हे द्रव्य या आजारात पहाटे सर्वाधिक असते, त्यामुळे असे होते. ‘किटली ७.१०’, म्हणजे झाकण सात वाजून दहा मिनिटांनी निघाले, एवढीच तिची नोंद असे, पण डॉक्टरांना ती पुरेशी बोलकी वाटायची.

नोंदी वाचताना एक खूण धरावी. सूज नसेल आणि गरम पाण्याने पंधरा-वीस मिनिटांत बोटे मोकळी होत असतील, तर बहुधा ती हवेची कुरकुर असते. ताठरपणा तासाच्या पुढे जाऊन काही दिवस तसाच राहिला, सांधा दाबल्यावर स्पंजासारखा व स्पर्शाला उबदार लागला, तर सीआरपी आणि ईएसआर या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून डॉक्टरांना दाखवावे. पावसाळ्यात सांधेदुखीबरोबर ताप आला तर चिकुनगुन्या, डेंग्यू यांचा विचार आधी करावा लागतो, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (आमवात आटोक्यात ठेवणारे नेहमीचे औषध) घेणाऱ्याने पुढची मात्रा घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. दुखणे थांबले म्हणून किंवा ऋतू पालटला म्हणून गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत.

हिवाळ्यात पाणी तापवण्याच्या बंबाचा धूर टाळावा, आणि विडी-सिगारेट तर पूर्णच सोडावी. धुराने फुप्फुसांतील प्रथिनांत होणारा बदल हा या आजाराच्या मुळांपैकी एक मानला जातो. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये, कारण मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते.

नदीकाठच्या घरांसाठी एक वेगळी सूचना आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागले की महिनाभराच्या गोळ्या, चिठ्ठीची प्रत आणि ही वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी ठेवावी. पुराच्या पाण्यात, विशेषतः पायाला जखम असताना, उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूसंसर्गाचा धोका असतो. उतरावेच लागले असेल तर पुढील काही आठवड्यांत आलेल्या तापाच्या वेळी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.