एनआरएफ२४ रेडिओ मॉड्यूलने दोन बोर्ड बिनतारी कसे जोडावेत

पहिल्या प्रयत्नात मॉड्यूल बोललं नाही की आपण लगेच कोड उलटापालटा करू लागतो. दोष मात्र बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

एनआरएफ२४एल०१ प्लस या चिपला १.९ ते ३.६ व्होल्ट लागतात. व्हीसीसी या वीज घेणाऱ्या पिनला चुकून ५ व्होल्ट दिले तर ती कायमची निकामी होऊ शकते. डेटाच्या पिना मात्र ५ व्होल्ट सहन करतात, त्यामुळे आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला त्या थेट जोडता येतात. आता १० ते १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर घ्या आणि व्हीसीसी व ग्राउंडच्या मध्ये, मॉड्यूलला अगदी खेटून, सोल्डर करा. इलेक्ट्रोलिटिक असेल तर पट्ट्याकडचा पाय ग्राउंडला. संदेश पाठवताना करंट क्षणात ११ मिलिअँपिअरच्या पुढे उसळतो. लांब जंपर वायरींतून तो वेळेत पोचत नाही आणि व्होल्टेज खाली बसतं. तो खड्डा हा कपॅसिटर भरून काढतो. बाहेर अँटेना असलेलं मोठं मॉड्यूल १०० मिलिअँपिअरहून जास्त ओढतं. उनोची ३.३ व्होल्टची पिन ५० पर्यंतच देते, म्हणून त्या मोठ्या मॉड्यूलला वेगळा रेग्युलेटर (स्थिर ३.३ व्होल्ट देणारा भाग) लावा, पण ग्राउंड दोघांचं एकच ठेवा.

जोडणी सोपी आहे (नाव मॉड्यूलच्या पिनचं, आकडा उनोच्या पिनचा): एमओएसआय ११ला, एमआयएसओ १२ला, एससीके १३ला, सीई ९ला, सीएसएन १०ला. आयआरक्यू मोकळी सोडा.

मग या चिपसाठीचा तयार कोड, म्हणजे आरएफ२४ लायब्ररी, आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. लगेच संदेश पाठवायला धावू नका. आधी चिप बोर्डाला दिसते का, एवढंच तपासा, कारण तिथे 'नाही' आलं तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. दिसली की दोन्ही बाजूंना वेग २५० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) ठेवा (कमी वेगात पल्ला वाढतो) आणि टेबलावर चाचणी घेताना रेडिओच्या प्रक्षेपणाची पॉवर कमी ठेवा.

चॅनेलचा आकडा २४०० मध्ये मिळवला की मेगाहर्ट्‌झ मिळतात. वाय-फायचं ११वं चॅनेल साधारण २४७३ला संपतं, म्हणून ७६ ते ८० मध्ये गर्दी कमी असते. काही जण १००च्या पुढे जायला सांगतात, मी सांगणार नाही. विनापरवाना वापरता येणारा पट्टा २४८३.५लाच संपतो.

पाठवणाऱ्याचा लिहिण्याचा पत्ता आणि ऐकणाऱ्याचा वाचण्याचा पत्ता तंतोतंत एकच हवा. एका पॅकेटमध्ये ३२ बाइट मावतात. एका टोकाला उनो आणि दुसऱ्याला ईएसपी३२ हा दुसऱ्या जातीचा बोर्ड असेल तर पूर्णांकासाठी साधा 'इंट' हा प्रकार वापरू नका. तो उनोत २ बाइटचा आणि ईएसपी३२मध्ये ४ बाइटचा असतो, मग आकडे पोचतात पण भलतेच दिसतात. बाइटसंख्या ठरलेला प्रकार वापरा.

पोच आपोआप मिळते. ती आली नाही तर चिप स्वतःच १५ वेळांपर्यंत पुन्हा पाठवते. लिहिण्याचं फंक्शन 'खरं' परत देतं तेव्हा पोच मिळालेली असते, म्हणून शंभर संदेश पाठवून किती पोचले ते मोजा आणि मगच अंतर वाढवा.

बॅटरीवरचा सेन्सर असेल तर दोन मापनांमध्ये मॉड्यूल झोपवा. झोपेत ते ०.९ मायक्रोअँपिअरवर राहतं, पण बोर्डावरचा पॉवर एलईडी त्याच्या हजारपट खातो. तो काढून टाका.

एक रिसीव्हर सहा पाइपांवर, म्हणजे सहा वेगळ्या पत्त्यांवर, ऐकू शकतो; त्यांचे क्रमांक ० ते ५. २ ते ५ क्रमांकाच्या पाइपांचा पत्ता १ क्रमांकाच्या पाइपपेक्षा फक्त एका बाइटने वेगळा असतो, म्हणून सेन्सर वाढवणार असाल तर सगळे पत्ते आधीच कागदावर मांडून घ्या.