छपराच्या पुलांची जत्रा: मुंबईहून पार्क काउंटीला जाताना

शिकागो किंवा इंडियानापोलिसला मुलांकडे जाणारे मुंबईकर आईवडील बहुधा नायगारा आणि न्यूयॉर्क पाहून परततात. ज्यांचा मुक्काम ऑक्टोबरात असेल, त्यांनी पश्चिम इंडियानातील पार्क काउंटीसाठी दोन दिवस अवश्य राखून ठेवावेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका समजावा. येथील लोकसंख्या सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे सकाळच्या गर्दीत तीन-चार लोकलमध्ये मावेल एवढीच आहे. तरीही एवढ्याशा प्रदेशात छपराचे ३१ जुने लाकडी पूल उभे आहेत. या पुलांच्या नावाने १९५७ पासून येथे जत्रा भरते. ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी सुरू होऊन दहा दिवस चालते, त्यामुळे २०२६ साली ती ९ ते १८ ऑक्टोबर या काळात येते.

जाण्याचा वार आधी ठरवावा, कारण बाकीचे नियोजन त्यावर अवलंबून आहे. आम्ही पहिल्या वर्षी शनिवारी गेलो आणि ब्रिजटन गावाच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना मक्याची शेते असलेल्या रस्त्यावर तासभर गाडीत बसून राहिलो. घोडबंदर रोडपासून इतके दूर आल्याचे समाधान त्या तासात पार ओसरले. सोमवार ते गुरुवार यांतील दोन दिवस निवडावेत. सार्वजनिक वाहतुकीची सोय नसल्यामुळे स्वतःची किंवा भाड्याची गाडी लागतेच. इंडियानापोलिसहून रॉकव्हिल हे काउंटीचे मुख्य गाव सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. शिकागोहून येणाऱ्यांनी मात्र येथील घड्याळ एक तास पुढे असते, हे विसरू नये. टर्की रन उद्यानातील निवासस्थान जत्रेच्या काळासाठी फार आधी भरते. ते न मिळाल्यास दक्षिणेकडील टेरे होट शहरात उतरावे.

एकतीसच्या एकतीस पूल पाहण्याचा हट्ट धरू नये. रॉकव्हिलमध्ये छापील नकाशा मिळतो आणि त्यावर वेगवेगळ्या रंगांचे पाच मार्ग दाखवलेले असतात. त्यांतील एकच निवडून सावकाश फिरावे. मोबाइलला सगळीकडे रेंज मिळेलच असे नाही, म्हणून तो कागद जपून ठेवावा. या पुलांना छप्पर का, असा प्रश्न प्रत्येकालाच पडतो. पुलाचा सारा भार दोन्ही बाजूंच्या लाकडी कैच्या आणि कमानी पेलतात. त्या उन्हापावसात उघड्या राहिल्या तर काही वर्षांत कुजतात, आणि छपराखाली त्याच शंभर-दीडशे वर्षे टिकतात. कोकणात पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना झापे बांधतात, त्यामागचा विचारही हाच असतो. टर्की रनमधील १८८२ चा नॅरोज पूल आता केवळ पायी जाणाऱ्यांसाठी आहे आणि माझ्या मते सर्वांत निवांत तोच आहे. आत शिरल्यावर क्षणभर काही दिसत नाही. मग फळ्यांच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या बारीक रेघा पायाखाली उमटतात आणि खालून शुगर क्रीकचा आवाज येऊ लागतो. ब्रिजटनचा १८६८ चा पूल मात्र मूळचा राहिलेला नाही. तो २००५ मध्ये कोणीतरी आग लावून जाळला आणि गावाने पुढच्याच वर्षी तेथे पुन्हा लाकडी पूल उभारला.

टर्की रन उद्यानासाठी एक पूर्ण दिवस ठेवावा. झुलत्या पुलावरून ओढा ओलांडला की वालुकाश्मात कोरल्या गेलेल्या अरुंद घळी सुरू होतात. तेथील तीन क्रमांकाची वाट घळीतल्या पाण्यातून जाते आणि मध्ये शिड्या चढाव्या-उतराव्या लागतात. पावसाळी ट्रेकची सवय असलेल्यांना ती आवडेल, गुडघेदुखी असणाऱ्यांनी मात्र तिचा नाद सोडावा. वाटेवरच्या तीन-तीन पानांच्या वेलींना हात लावू नये, कारण पॉयझन आयव्हीने अंगाला भयंकर खाज सुटते. घरी परतल्यावर पायांवर गोचीड चिकटली नाही ना, हेही पाहावे.

जत्रेत शाकाहारी माणसाला जपूनच खावे लागते. घेवड्याची साधी उसळ वाटावी अशा पदार्थात डुकराचे मांस घातलेले असते, त्यामुळे तो मागण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. टँजिअर गावाची ख्याती तर जमिनीत पुरून शिजवलेल्या गोमांसासाठी आहे. भाजलेली कणसे, गोड पॉपकॉर्न आणि सफरचंदाचा ताजा रस यांवर दुपार निभते, तरी सोबत दशम्या असाव्यात. स्टॉलवर आणि शेतातल्या पार्किंगसाठी सुटे डॉलर जवळ ठेवावेत. ब्रिजटनला पुलाशेजारच्या जुन्या गिरणीत दगडी जात्यावर दळलेले मक्याचे पीठ विकत मिळते. ते जाडसर असते, म्हणून चाळून आणि उकड काढूनच भाकरी थापावी, एरवी ती तव्यावर टाकतानाच तुटते.

परतीचा प्रवास दिवस मावळण्यापूर्वी सुरू करावा. संध्याकाळी हरणे अचानक रस्त्यावर येतात, आणि येथे राहणाऱ्या आमिश (मोटारी न चालवणारा ख्रिस्ती पंथ) कुटुंबांच्या घोडागाड्याही वळणापलीकडून एकाएकी समोर दिसतात. अशा वेळी हॉर्न न वाजवता वेग कमी करून त्यांच्या मागे राहावे आणि पुढचा रस्ता मोकळा दिसल्यावरच पुढे जावे.