ऑसिलेटरचा चावरा नॉब

किटमधून जोडलेल्या सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या) ऑसिलेटरचा, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटचा, सूर लावणं म्हणजे डोक्याला ताप झाला होता. नॉबला नुसतं बोट लागलं तरी सा चा कोमल रे व्हायचा.

सगळ्यांचा पहिला सल्ला एकच: पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) क्लीनर मार. पण पॉट खराब असेल तर खरखरतं, सूर उड्या मारतो. इथे तो गुळगुळीत सरकत होता. मल्टिमीटर लावला, मधल्या पायावर उणे १२ ते अधिक १२ व्होल्ट व्यवस्थित मिळाले. म्हणजे पॉट बिचारं निर्दोष.

खरी गोम पॉटच्या पुढच्या रेझिस्टरमध्ये होती. तो १०० के चा (के म्हणजे किलो-ओहम), आणि या सर्किटमध्ये १०० के मधून आलेला एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. २४ व्होल्ट म्हणजे २४ सप्तकं, तीही साधारण ३०० अंशांच्या फिरकीत! अंशाला जवळपास एक स्वर. माणसाचं बोट इतकं बारीक कुठून हलणार?

तो काढून ४७० के चा लावला. आवाका पाच सप्तकांवर आला. शेजारी दुसरं १०० के चं पॉट बसवलं, त्याच्या मधल्या पायापासून त्याच समिंग बिंदूला (जिथे पहिला रेझिस्टरही येऊन मिळतो) २.२ मेगचा (मेगओहमचा) रेझिस्टर. त्याची पूर्ण फिरकी जेमतेम सप्तकभर, त्यामुळे तंबोऱ्याशी सूर जुळवता येतो.

रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्मच घ्या. कार्बनचे तापले की सूर सरकतो. जमलं तर नॉबची टोपीही मोठी बसवा.