किनाऱ्यावर घरच्या वर्कशॉपात सीएनसी लेथ बसवताना

जांभ्याच्या फरशीवर लेथ (धातू फिरवून कापणारं, इथे संगणकाने चालणारं यंत्र) थेट ठेवू नका. काँक्रीटचा पाया घाला, 28 दिवस जाऊ द्या. मग 0.02 मिमी प्रति मीटरची लेव्हल (पातळी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, आडवी ठेवून दोन्ही टोकांना सारखी दिसेपर्यंत लेव्हलिंग बोल्ट फिरवा. बेडला पीळ राहिला की जॉब, म्हणजे कापला जाणारा तुकडा, निमुळता होतो. खात्रीसाठी 25 मिमी व्यासाचा बार चकमधून (बार पकडून फिरवणाऱ्या भागातून) 100 मिमी बाहेर काढा, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) न लावता हलका कट घ्या, दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजा.

अर्थिंग पक्कं हवं. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडून रोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. एन्कोडरची (फिरण्याची स्थिती मोजणाऱ्या सेन्सरची) केबल स्पिंडल ड्राइव्हच्या (चक फिरवणाऱ्या मोटरच्या नियंत्रकाच्या) वायरींपासून लांब न्या, नाहीतर आटे बिघडतात.

खाऱ्या हवेत, पावसाळ्यात तर विशेष, काम संपलं की कूलंट (कापताना थंड ठेवणारा द्रव) पुसून 68 ग्रेडचं (जाडीचा क्रमांक) स्लाइडवे तेल, म्हणजे सरकणाऱ्या भागांचं तेल, लावा. प्लास्टिकने घट्ट झाकलंत तर आत पाणी सुटतं. तेलकट सुती कापड बरं.