लवचिक सोलर सेल करताना काचेच्या सवयी सोडा

वाकणारा सेल ताणला जाईलच असं नाही. सेंद्रिय पदार्थांचे सोलर सेल काचेवर करायला शिकलेले विद्यार्थी नेमके इथे फसतात.

पहिला बळी आयटीओचा, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडचा. हा पारदर्शक इलेक्ट्रोड ठिसूळ असतो, दोन-तीन टक्के ताणातच त्याला तडे जातात. वाकवताना किती ताण येईल याचा हिशोब सोपा आहे: फिल्मच्या जाडीला वाकण्याच्या त्रिज्येच्या दुपटीने भागा. 125 मायक्रॉनचं पेट (पीईटी प्लास्टिकची फिल्म) 5 मिलिमीटर त्रिज्येत वाकवलं तर 1.25 टक्के. एकदा निभावेल, पण वारंवार वाकवल्यावर भरवसा नाही. म्हणून आधी सब्सट्रेट, म्हणजे ज्यावर सेल करतो ती फिल्म, पातळ करा. 2012 मध्ये लिंझ आणि टोकियोच्या संशोधकांनी 1.4 मायक्रॉन पेटवर, आयटीओऐवजी पेडॉट:पीएसएस हा वीजवाहक पॉलिमर वापरून सेल केले आणि ते आधीच ताणलेल्या रबरी पट्टीवर चिकटवले. पट्टी सैल सोडली की सेलला सुरकुत्या पडतात, पुन्हा ताणली की त्या उलगडतात. सेल स्वतः फारसा ताणला जातच नाही. मला ही युक्ती अजूनही सगळ्यात शहाणपणाची वाटते.

थेट पीडीएमएसवर (सिलिकोन रबरावर) थर द्यायचा तर पेडॉट:पीएसएसची पाण्यातली शाई थेंब थेंब होऊन गोळा होते. यूव्ही-ओझोन किंवा प्लाझ्मा द्या आणि लगेच कोटिंग करा, कारण पृष्ठभाग हळूहळू पुन्हा पाणी झटकू लागतो. प्लाझ्मा जास्त झाला तर वर काचेसारखी कडक साल येते आणि तीच तडकते. शाईत थोडं फ्लोरोसर्फॅक्टंट (पृष्ठताण कमी करणारं फ्लोरिनयुक्त रसायन) घातलं तर ती नीट पसरते. क्लोरोफॉर्म आणि क्लोरोबेन्झीन या द्रावकांनी पीडीएमएस फुगतं, म्हणून सक्रिय थर (प्रकाशापासून वीज करणारा) काचेवर करून मग उचलून ठेवणं बरं.

हॉटप्लेटचं तापमानही जुन्या वहीतून उचलू नका. पी३एचटी (इलेक्ट्रॉन देणारा पॉलिमर) आणि पीसीबीएम (ते स्वीकारणारा फुलरीनचा रेणू) यांच्या सक्रिय थराला काचेवर 150 अंश चालतात, पेट मात्र 75 च्या आसपासच मऊ पडायला लागतं. शिवाय पीसीबीएममुळे फिल्म ठिसूळ होते. खरोखर ताणायचंच असेल तर स्वीकारकही पॉलिमरच घ्या.

ताणल्यावर फिल फॅक्टर (करंट-व्होल्टेज आलेख किती चौकोनी आहे याचं माप) पडला, व्होल्टेज मात्र जागेवर? मग बहुधा इलेक्ट्रोड तडकून सिरीज रेझिस्टन्स (करंटच्या वाटेतला रोध) वाढलाय. दोन्ही पडले तर शॉर्ट शोधा. इलेक्ट्रोड चांदीच्या नॅनोवायरचा (अतिसूक्ष्म तारांचा) असेल तर एखाद्या तारेचं टोक थर भेदून वर आलेलं असू शकतं.

मोजताना ताणलेलं क्षेत्रफळ नव्याने घ्या. जुन्याच आकड्याने भागलं तर करंट डेन्सिटी (दर क्षेत्रफळामागे करंट) उगाच वाढलेली दिसते.