लघुग्रहाचा फॉरवर्ड आला की घाबरण्याआधी काय तपासायचं

फेब्रुवारी २०२५ मधे आईचा फोन आला, आवाज घाबरलेला, म्हणाली अगं २०३२ ला मुंबईवर काहीतरी पडणार आहे म्हणे, ग्रुपवर आलंय. अवघड हे होतं की बातमी पूर्ण खोटी नव्हती. २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह खरंच सापडला होता, २२ डिसेंबर २०३२ ही तारीख पण खरी होती, आणि शास्त्रज्ञांनी धोक्याचा जो लांबलचक पट्टा काढला होता त्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया येत होते. तिला फोनवर जे समजावलं तेच इथे नीट लिहितेय, म्हणजे तुमच्याही घरी कुणी घाबरलं तर दहा मिनिटात तपासून सांगता येईल.

आधी नाव शोधा. फॉरवर्डमधे लघुग्रहाचं नाव आणि तारीख दोन्ही नसेल तर तिथेच थांबा, तपासायलाच काही नाही. नावात शोध लागला ते वर्ष असतं, आणि त्यापुढचं पहिलं अक्षर पंधरवडा सांगतं, ए म्हणजे जानेवारीचा पहिला आणि वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा, त्यामुळे वायआर४ डिसेंबर २०२४ च्या शेवटी सापडला हे नावातच आहे.

मग नासाची सीएनईओएस (CNEOS) साईट उघडा, तिथे क्लोज अप्रोचचं, म्हणजे कोणता लघुग्रह कधी किती जवळून जाणार याचं टेबल आहे, फुकट आहे, लॉगिन वगैरे काही नाही. अंतराच्या कॉलममधे एलडी लिहिलेलं असतं, १ एलडी म्हणजे पृथ्वी ते चंद्र, साधारण ३,८४,००० किमी. बातमीत "पृथ्वीच्या अगदी जवळून" असं असतं आणि टेबलात बघावं तर १२ एलडी, म्हणजे चंद्राच्या बारा पट लांब. १ एलडीच्या आतून जाणारे पण वर्षाला शंभराच्या वर सापडतात, बहुतेक अगदी छोटे. शेजारी मिनिमम अंतराचा कॉलम असतो तो पण बघा, चूक धरून कमीत कमी किती जवळ येऊ शकतो ते त्यात कळतं.

साईजला एकच आकडा नसतो, २० ते ४५ मीटर अशी रेंज असते, कारण लांबून फक्त चमक दिसते आणि दगड काळपट आहे की उजळ हे माहीत नसलं तर मोठेपणाचा अंदाजच करावा लागतो. बातमीवाले त्यातला मोठा आकडा उचलतात. स्पीडकडे तर लक्षच देऊ नका, "ताशी ५०,००० किमी वेगाने येतोय" वाचून धडकी भरते पण पृथ्वी स्वतः सूर्याभोवती ताशी लाखाच्या वर किमीने फिरतेय, अंतराळात सगळंच त्या वेगाने चालतं.

आता खरा प्रश्न, धडकणार का? त्यासाठी त्याच साईटवर सेंट्री नावाची यादी आहे, धडकायची थोडी तरी शक्यता असलेल्या लघुग्रहांची. आपला लघुग्रह त्या यादीत नसेल तर काळजीचं कारण नाही. असेल तर टोरिनो स्केल बघा, धोका किती ते सांगणारा आकडा, ० ते १० असतो, ० असेल तर फोन बाजूला ठेवून झोपा.

सगळ्यात जास्त गोंधळ टक्केवारीचा होतो. वायआर४ ची शक्यता वाढत वाढत १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के झाली, टोरिनो ३, आणि लोकांना वाटलं तो जवळ यायला लागलाय. तसं नसतं. घरात किल्ली हरवली, चार खोल्या आहेत, तर बेडरूममधे असायची शक्यता २५ टक्के. दोन खोल्या शोधून झाल्या, नाही सापडली, बेडरूमची शक्यता ५० झाली, किल्ली मात्र जागची हललेली नाही. मग ती हॉलमधे सापडते आणि बेडरूमचा आकडा एकदम शून्य. लघुग्रहाचं पण असंच, निरीक्षणं वाढतात तशी तो असू शकेल ती जागा आक्रसत जाते, पृथ्वी त्या जागेत आहे तोवर टक्के वाढतात, बाहेर पडली की धाडकन खाली. वायआर४ चा आकडा आठवडाभरात ०.००४ वर आला. अपोफिस नावाच्या लघुग्रहाचं पण २००४ मधे तेच झालं होतं, २.७ टक्के आणि टोरिनो ४, टोरिनोवर एवढा वर आजपर्यंत कुणी गेलेलं नाही, आणि २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर पुढची १०० वर्षं तरी तो धडकणार नाही हे पक्कं झालं.

हा अपोफिस लक्षात ठेवाच, कारण १३ एप्रिल २०२९ ला तो जमिनीपासून साधारण ३२,००० किमीवरून जाणार आहे, टीव्हीचे सॅटेलाईट फिरतात त्याच्याही आतून, आपल्याकडे तेव्हा १४ एप्रिलची पहाट असेल. त्यावेळी फॉरवर्डचा पूर येणार, तेव्हा ग्रुपवर नाव, तारीख, अंतर आणि टोरिनो एवढंच लिहून टाका. समोरच्याला मूर्ख म्हणू नका, तो खरंच घाबरलेला असतो.

पण कधी काही पडतच नाही असंही सांगू नका. आपलं लोणार अशाच धडकेतून झालंय, बेसाल्टमधलं जवळपास १.८ किमी रुंद विवर, बुलढाण्यात जाऊन बघता येतं. आणि १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर साधारण २० मीटरचा दगड हवेत फुटला, सूर्याच्या बाजूने आल्यामुळे आधी कुणालाच दिसला नव्हता. सुमारे १,५०० लोक जखमी झाले, बहुतेक काचांमुळे, कारण प्रकाश कसला म्हणून लोक खिडकीशी गेले आणि धक्क्याची लाट दीड ते अडीच मिनिटांनी आली. म्हणून आकाशात कधी डोळे दिपवणारा झोत दिसला तर खिडकीकडे धावू नका, व्हिडिओ काढायला तर नाहीच, मुलांना घेऊन काचांपासून लांब भिंतीशी बसा आणि निदान पाच मिनिटं तिथून हलू नका.